पीआयसीयूतला ब्लड गॅस वाचताना: नव्या रेसिडेंटसाठी पायरी-पायरीने

बालरोग विभागात नव्याने आलेल्या, पीआयसीयूची (मुलांच्या अतिदक्षता विभागाची) पहिलीच पोस्टिंग करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी हे लिहितोय. अॅसिड-बेसचं प्रकरण तुम्ही एमबीबीएसला वाचलंय, सूत्रंही पाठ असतील. तरी मशीनमधून कागद बाहेर आला की त्यावरचे वीस-पंचवीस आकडे एकदम अंगावर येतात आणि आपण सरळ बाण शोधायला लागतो. कोणता वर, कोणता खाली, एवढंच.

घोळ तिथेच होतो. कागदावरची 'नॉर्मल रेंज' निरोगी माणसाची असते. समोरच्या आजारी मुलात तो आकडा किती असायला हवा होता हे काढायची सवय लागली, की निम्मं निदान झालेलं असतं. रात्री फसवणारे गॅस बहुतेक वेळा नॉर्मल दिसणाऱ्या एखाद्या आकड्यानेच फसवतात. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीसाठी आहेत.

उपचाराचे निर्णय अर्थातच तुमच्या सीनियरसोबत. इथे भर निदानावर आहे.

हाताशी काय ठेवायचं

- गॅसचा कागद. थर्मल प्रिंट काही दिवसांत पुसट होतो, म्हणून आकडे पेनाने केसपेपरवर उतरवायचे. नुसता कागद चिकटवून भागत नाही.
- त्याच वेळचे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, अल्ब्युमिन, शुगर आणि क्रिएटिनिन.
- लॅक्टेट. बहुतेक मशीन देतात, देत नसेल तर वेगळं पाठवा.
- कीटोन. रक्तातला मोजायची पट्टी असेल तर उत्तम, नाहीतर लघवीची.
- नमुना घेताना मुलाला किती ऑक्सिजन चालू होता, तापमान किती, व्हेंटिलेटरच्या सेटिंग काय, हे लिहिलेली चिठ्ठी.
- आधीचे गॅस असतील तर तेही. एकटा गॅस फारसं बोलत नाही.
- मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. तोंडी हिशोबाची शान रात्री तीनला दाखवू नका.

१. कागदाआधी मूल

गॅस हातात येण्याआधी मनाशी अंदाज बांधा: या मुलात मला काय सापडायला हवं? तीन दिवस जुलाब झालेलं, डोळे खोल गेलेलं बाळ असेल तर मेटाबॉलिक ॲसिडोसिस. आई म्हणतेय 'पोट उडतंय', छातीत घरघर आहे, तर प्रश्न कार्बन डायऑक्साइडचा. श्वास खोल आणि जोराचा आहे, पण छाती ऐकायला स्वच्छ आहे, तर फुप्फुसापेक्षा रक्तातलं ॲसिड आधी शोधा. डीकेएचं (मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसचं) मूल न्यूमोनिया म्हणून नेब्युलायझर घेत बसलेलं असतं ते याच कारणाने.

इतिहासातले चार प्रश्न कधीच सोडू नका. उलट्या जास्त की जुलाब? लघवी शेवटची कधी झाली? घरात कोणाची औषधं आहेत? आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा, टीबीची औषधं, गरोदर आईच्या लोहाच्या गोळ्या, अंगाला चोळायचं तेल, हे सगळं नाव घेऊन विचारा. 'घरात औषधं आहेत का' या प्रश्नाला उत्तर हमखास 'नाही' येतं. चौथा प्रश्न नात्यातल्या लग्नाचा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही कोणाला वेगळी गोष्ट वाटत नाही, त्यामुळे आपणहून कोणी सांगत नाही. आधीचं एखादं बाळ पहिल्या आठवड्यात गेलं असेल तर तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

२. नमुना खरा आहे का

या पायरीवर जरा थांबू या, कारण पुढची सगळी गणितं इथे वाया जाऊ शकतात.

*हेपरिन.* तयार कोरडं हेपरिन असलेली सिरिंज मिळत असेल तर प्रश्न नाही. साध्या सिरिंजमध्ये बाटलीतलं हेपरिन ओढून वापरत असाल, तर ते पूर्ण बाहेर ढकला. पाव मिली रक्तात हेपरिनचे थेंब राहिले की रक्त पातळ होतं. पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) घसरतो, बायकार्ब (बायकार्बोनेट) घसरतं, आयोनाइज्ड कॅल्शियम घसरतं, आणि पीएच मात्र जवळपास जागेवर राहतो. कागदावर छान कॉम्पेन्सेटेड, म्हणजे शरीराने भरून काढलेला, मेटाबॉलिक ॲसिडोसिस दिसतो. तो मुलात नसतो, सिरिंजमध्ये असतो.

*हवेचा बुडबुडा.* पीसीओटू कमी होतो आणि पीओटू (ऑक्सिजनचा दाब) १५० च्या दिशेने सरकतो.

*उशीर.* रक्तपेशी सिरिंजमध्येही जिवंत असतात. ऑक्सिजन वापरतात, लॅक्टेट बनवतात. नमुना पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मशीनमध्ये जायला हवा. ल्युकेमियाच्या मुलात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर तेवढाही वेळ नाही. पीओटू खोटा कमी येतो, आणि पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत असताना आपण घाबरतो. वॉर्डबॉय मामांना मशीनपर्यंत पाठवायचं असेल तर 'जाता जाता' हे शब्द वापरू नका.

*लाइनमधलं पाणी.* सेंट्रल लाइनमधून नमुना घेताना आधीचं रक्त पुरेसं काढलं नाही, तर सलाइन मिसळतं. क्लोराइड एकदम वर, पोटॅशियम, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन खाली. हिमोग्लोबिन दोन तासांत तीनने उतरलं आणि कुठेही रक्तस्राव नाही, तर नमुना पुन्हा घ्या.

*रडणं.* सुई टोचताना मूल जोरात रडलं तर पीसीओटू उतरतो, श्वास रोखून धरला तर चढतो. करकचून बांधलेल्या टुर्निकेने आणि झटापटीने लॅक्टेटही वाढतो.

धमनीचाच नमुना हवा का? अॅसिड-बेससाठी दरवेळी नाही. शिरेतल्या रक्तात पीएच साधारण ०.०३ ते ०.०४ ने कमी, पीसीओटू चार ते सहाने जास्त आणि बायकार्ब एक-दोनने जास्त असतं. डीकेएचा पाठपुरावा शिरेच्या गॅसवर बिनधास्त करता येतो. टाच गरम करून घेतलेला कॅपिलरी नमुनाही पीएच आणि पीसीओटूसाठी चालतो, ऑक्सिजनसाठी नाही. पण मूल शॉकमध्ये असेल, हातपाय गार असतील, तर शिरेतलं आणि धमनीतलं अंतर वाढतं आणि कॅपिलरी नमुन्यावर विसंबता येत नाही. तेव्हा धमनीच. नमुना कुठला आहे ते मशीनला सांगा आणि केसपेपरवरही लिहा. पुढच्या शिफ्टवाल्याला ते स्वप्नात दिसत नाही.

आणखी एक. तीन किलोच्या बाळात एकूण रक्त साधारण २४० मिली. दर दोन तासांनी एक मिली काढत राहिलात तर आठवड्यात रक्त द्यायची पाळी तुम्हीच आणता.

शेवटी आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहा. हायड्रोजन आयन = २४ × पीसीओटू ÷ बायकार्ब. पीएच ७.४० म्हणजे ४०, ७.३० म्हणजे ५०, ७.२० म्हणजे ६३, ७.१० म्हणजे ७९, ७.०० म्हणजे १००. मशीन बायकार्ब स्वतः गणिताने काढतं, त्यामुळे कागदावर हे जुळतंच. न जुळणं सापडतं ते केसपेपरवर आकडे उतरवताना झालेल्या चुकांत, आणि प्रयोगशाळेतून आलेलं बायकार्ब वापरताना.

३. मुख्य बिघाड ठरवा

मोठ्या मुलांत पीएच ७.३५ ते ७.४५, पीसीओटू ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६. तान्ह्या बाळांत बायकार्ब यापेक्षा दोन-तीनने कमी असतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात आणखी कमी. एकोणीस बायकार्ब दिसलं म्हणून दहा दिवसांच्या बाळाच्या मागे लागू नका.

पीएच कमी म्हणजे ॲसिडिमिया, जास्त म्हणजे अल्कलिमिया. मग पीएच ज्या दिशेला गेला त्याचं कारण पीसीओटूत आहे की बायकार्बमध्ये, ते पाहा. सोपं आहे, पण एक जुना सापळा सांगायलाच हवा. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची मुलं दाखल होत होती. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसायचा, आणि तो अल्कलोसिस आहे असं समजलं जायचं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सांगितलं की मुलांचा श्वास अपुरा पडतोय, कार्बन डायऑक्साइड साठतोय. श्वासनलिकेला छिद्र करवून घेऊन त्यांनी एका मुलीला हाताने फुगा दाबून श्वास दिला आणि ती सुधारली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून फुगे दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात त्यातून झाली असं मानतात. वाढलेलं बायकार्ब पाहिलं की आजही पहिला प्रश्न तोच: हे मूळ दुखणं आहे की साठलेल्या कार्बन डायऑक्साइडला मूत्रपिंडाने दिलेलं उत्तर?

४. कॉम्पेन्सेशन मोजा, नुसतं म्हणू नका

राउंडवर 'कॉम्पेन्सेटेड आहे सर' हे वाक्य फार ऐकू येतं. कशावरून, असं विचारलं की शांतता. सूत्रं अशी:

- मेटाबॉलिक ॲसिडोसिस: अपेक्षित पीसीओटू = १.५ × बायकार्ब + ८, दोन इकडे-तिकडे.
- मेटाबॉलिक अल्कलोसिस: अपेक्षित पीसीओटू = ०.७ × बायकार्ब + २०, पाच इकडे-तिकडे.
- श्वसनाचा ॲसिडोसिस: पीसीओटू दर १० ने वाढला की बायकार्ब ताज्या आजारात १ ने, जुन्या आजारात साडेतीन ते ४ ने वाढतं.
- श्वसनाचा अल्कलोसिस: पीसीओटू दर १० ने उतरला की बायकार्ब ताज्यात २ ने, जुन्यात ४ ते ५ ने उतरतं.

'जुना' म्हणजे तीन-चार दिवस झालेला. मूत्रपिंडाला तेवढा वेळ लागतो.

मोजलेला पीसीओटू अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर सोबत श्वसनाचा ॲसिडोसिसही आहे, कमी असेल तर श्वसनाचा अल्कलोसिसही आहे. आणि एक गोष्ट पक्की: कॉम्पेन्सेशन पीएचला पार पलीकडे नेत नाही.

आता ही पायरी जीव कशी वाचवते ते बघा. डीकेएचं मूल, बायकार्ब ५. अपेक्षित पीसीओटू साडेपंधरा. मूल जोरजोरात श्वास घेऊन तो १५ वर राखतंय, पीएच ७.१४. कोणीतरी 'दमलंय' म्हणून इन्ट्यूबेट केलं आणि व्हेंटिलेटर लावून पीसीओटू ४० वर आणला, म्हणजे कागदावर अगदी नॉर्मल. हायड्रोजन आयन २४ × ४० ÷ ५ = १९२. पीएच ६.७ च्या आसपास. हृदय थांबायला एवढं पुरेसं आहे. तीव्र मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये ट्यूब टाकायची वेळ आलीच, तर मूल आधी जेवढं वाहून नेत होतं तेवढं व्हेंटिलेटरने वाहून न्यायला हवं.

दम्याचंही तसंच. सहा वर्षांचा मुलगा, मिनिटाला पन्नास श्वास, गळ्याचे स्नायू ओढले जाताहेत, आणि पीसीओटू ४०. एवढ्या श्वासांत तो ३० च्या खाली असायला हवा होता. हा ४० दमलेल्या मुलाचा ४० आहे. पुढचा गॅस ५५ यायच्या आत सीनियरला फोन करा.

५. अॅनायन गॅप, आणि तो अल्ब्युमिनसकट

गॅप म्हणजे नेहमीच्या तपासणीत न मोजलेल्या ऋण आयनांचा अंदाज. गॅप = सोडियम − (क्लोराइड + बायकार्ब). साधारण ८ ते १२, पण तुमच्या प्रयोगशाळेची मर्यादा विचारून घ्या. काही ठिकाणी पोटॅशियम धरतात, मग आकडा चारने वाढतो.

गॅप पीएच नॉर्मल असला तरी काढायचा. समजा पीएच ७.४०, पीसीओटू ४०, बायकार्ब २४. राउंडवर या गॅसवर कोणी दोन सेकंदही घालवणार नाही. पण सोडियम १४०, क्लोराइड ९० असेल तर गॅप २६ आहे. मूत्रपिंड निकामी झालेलं मूल उलट्या करतंय. ॲसिडोसिसने बायकार्ब खाली ओढलं, उलट्यांच्या अल्कलोसिसने वर ओढलं, आणि दोन्ही आजार एकमेकांना झाकून बसले.

मुलांच्या आयसीयूत सर्वांत जास्त विसरली जाते ती अल्ब्युमिनची दुरुस्ती. अल्ब्युमिन स्वतःच ऋण भार वाहतं. ते कमी झालं की गॅपही कमी होतो. अल्ब्युमिन ४ च्या खाली दर १ ग्रॅमला गॅपमध्ये २.५ मिळवा. कुपोषित बाळ, नेफ्रोटिक, डेंग्यूत गळती झालेलं मूल, यकृताचा आजार: यांच्यात न दुरुस्त केलेला गॅप हमखास खोटं समाधान देतो.

सोडियम आणि क्लोराइड शक्यतो एकाच मशीनवरचे घ्या. गॅस मशीन आणि प्रयोगशाळेचं मोठं मशीन यांची मोजायची पद्धत वेगळी असते, आणि रक्तात प्रथिनं कमी असली की मोठं मशीन सोडियम थोडं जास्त दाखवतं. एकीकडचं सोडियम, दुसरीकडचं क्लोराइड घेऊन काढलेला गॅप कोणाच्याच कामाचा नाही.

गॅप वाढलेला असेल तर पुढचा प्रश्न: जेवढा गॅप वाढला तेवढंच बायकार्ब उतरलंय का? (दुरुस्त गॅप − १२) ÷ (२४ − बायकार्ब). उत्तर साधारण ०.८ ते २ च्या दरम्यान असेल तर एकच गॅपवाला ॲसिडोसिस. ०.८ च्या खाली असेल तर सोबत क्लोराइडवाला ॲसिडोसिसही आहे. २ च्या वर असेल तर मेटाबॉलिक अल्कलोसिस लपलेला आहे, किंवा श्वसनाच्या जुन्या आजाराने बायकार्ब आधीच वाढलेलं होतं. या भागाकाराला देव मानू नका, दोन्ही बाजूंचे 'नॉर्मल' आकडे धरलेले असतात. इशारा म्हणून घ्या.

६. कारण शोधा

*गॅप वाढलेला.* इंग्रजी आद्याक्षरांची 'मडपाइल्स' यादी पाठ असेल तर असू द्या, पण ती मोठ्यांच्या हिशोबाने बनलेली आहे. मुलांत मी या क्रमाने जातो: लॅक्टेट, कीटोन, मूत्रपिंड, विष, जन्मजात चयापचयाचे आजार.

लॅक्टेट वाढला की सगळे शॉक म्हणतात. बहुतेक वेळा तो शॉकच असतो. पण झटक्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात लॅक्टेट चांगलाच वर असतो, आणि झटके थांबल्यावर तासा-दोन तासांत आपोआप उतरतो. दम्याच्या मुलात सतत सालब्युटामॉल चालू असेल तर औषधानेच लॅक्टेट वाढतो. मग ॲसिडोसिस भरून काढायला मूल आणखी जोरात श्वास घेतं, आपल्याला वाटतं दमा वाढला, आपण सालब्युटामॉल वाढवतो. छातीत हवा चांगली जातेय, घरघर कमी झालीय, पण श्वासाचा वेग वाढतोय, असं दिसलं की लॅक्टेट बघा.

झटके कशानेच थांबत नाहीत, ॲसिडोसिस प्रचंड आहे, आणि घरात कोणाला टीबी आहे: आयसोनियाझिड गिळलंय का विचारा. यावर उतारा पायरिडॉक्सिन आहे, आणि तो विचारल्याशिवाय कोणाला सुचत नाही.

कीटोनबद्दल एकच. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, तर डीकेएत मुख्य असतं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. त्यामुळे सुरुवातीला पट्टी कमी दाखवते, आणि उपचाराने मूल सुधारत असताना जास्त. रक्तातली पट्टी हाच खरा उपाय. मुलांतल्या डीकेएसाठी शुगर २०० च्या वर, पीएच ७.३ च्या खाली किंवा बायकार्ब १८ च्या खाली, आणि सोबत कीटोन, असे निकष २०२२ पासून वापरात आहेत. आधी बायकार्बची मर्यादा १५ होती, जुन्या नोट्समध्ये तीच सापडेल.

सॅलिसिलेटमध्ये, म्हणजे विंटरग्रीनचं तेल किंवा ॲस्पिरिन पोटात गेलं तर, मेटाबॉलिक ॲसिडोसिस आणि श्वसनाचा अल्कलोसिस एकत्र दिसतात. पीसीओटू अपेक्षेपेक्षा बराच खाली असतो. लहान मुलांत अल्कलोसिसचा टप्पा चटकन संपतो, तेव्हा तो दिसला नाही म्हणून विष नाही असं समजू नका.

*नवजात बाळ.* दोन-चार दिवस छान दूध पिणारं बाळ एकाएकी मलूल होतं. सेप्सिस समजून अँटिबायोटिक सुरू करा, ते बरोबरच आहे. पण तिथे थांबू नका. गॅप वाढलेला असेल, कीटोन असतील, तर ऑर्गॅनिक ॲसिडिमिया. लॅक्टेट वाढलेला आणि मांडीतली नाडी लागत नाही, तर डक्टवर अवलंबून असलेला हृदयदोष. आणि मलूल बाळात ॲसिडोसिस नसून *श्वसनाचा अल्कलोसिस* निघाला, तर अमोनिया लगेच पाठवा. युरिया सायकलच्या आजारात अमोनिया श्वसनकेंद्राला चेतवतो. सेप्सिसने एवढं मलूल झालेलं बाळ सहसा ॲसिडोसिसमध्ये असतं. अमोनियाचा नमुना टुर्निके न बांधता, बर्फात ठेवून, ताबडतोब. प्रयोगशाळेत आधी फोन करून ठेवा.

*गॅप वाढलेला नाही.* आपल्याकडे पहिलं कारण जुलाब, दुसरं कारण आपण स्वतः. नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४ असतं. मुलाच्या रक्तातल्या क्लोराइडपेक्षा पन्नासने जास्त. चार-पाच बोलस झाले की क्लोराइड चढतं, बायकार्ब उतरतं. डीकेएत तर हे ठरलेलंच: बारा तासांनी गॅप मिटतो, कीटोन उतरतात, मूल खायला मागतं, आणि बायकार्ब मात्र १५ वरच अडतं. 'ॲसिडोसिस सुटत नाही' म्हणून इन्सुलिन वाढवायचं नाही. गॅप काढा, तो मिटलेला दिसेल.

जुलाब नाहीत, सलाइन नाही, वजन वाढत नाही, पोटॅशियम कमी आहे, मनगटं रुंद झालेली आहेत: रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस. लघवीतले सोडियम + पोटॅशियम − क्लोराइड काढा. जुलाबात उत्तर ऋण येतं, डिस्टल प्रकारात धन, आणि ॲसिडोसिस असूनही लघवीचा पीएच ५.५ च्या वर राहतो. मूल इतकं कोरडं असेल की लघवीत सोडियमच येत नाही, तर ही चाचणी निरुपयोगी. आधी पाणी भरून काढा.

*मेटाबॉलिक अल्कलोसिस.* याला आयसीयूत कोणी घाबरत नाही, हे बरोबर नाही. फ्रुसेमाइड, नाकातल्या नळीतून बाहेर जाणारं पोटातलं पाणी, रक्ताच्या पिशव्यांतलं सायट्रेट, ही नेहमीची कारणं. याने श्वास मंदावतो आणि व्हेंटिलेटर काढताना मूल अडकतं. लघवीतलं क्लोराइड २० च्या खाली असेल तर क्लोराइड आणि पाणी देऊन सुधारतं. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, जोराच्या उलट्या, क्लोराइड आणि पोटॅशियम दोन्ही कमी: पायलोरिक स्टेनोसिस. ऑपरेशनची घाई नको, आधी हे दुरुस्त करा, नाहीतर भुलीनंतर बाळ श्वास घेत नाही.

७. एक गॅस शेवटपर्यंत सोडवू

चौदा महिन्यांचं कुपोषित बाळ, तीन दिवस जुलाब, हातपाय गार. पीएच ७.१८, पीसीओटू २५, बायकार्ब ९, सोडियम १३६, क्लोराइड १०८, लॅक्टेट ५, अल्ब्युमिन २.२.

पहिल्या नजरेत: जुलाबाचा ॲसिडोसिस, पीसीओटू उतरलाय, म्हणजे कॉम्पेन्सेशन चालू. पाणी द्या, झालं.

आता मोजू. अपेक्षित पीसीओटू १.५ × ९ + ८ = २१.५, म्हणजे फार तर २३.५. बाळ २५ वर आहे. नॉर्मलपेक्षा दहाने कमी असूनही हा पीसीओटू जास्त आहे. बाळ दमायला लागलंय. पोटॅशियम बघा, कमी असेल तर स्नायूच साथ देत नसतील.

गॅप १३६ − ११७ = १९. जरासाच वाढलेला वाटतो. अल्ब्युमिनची दुरुस्ती १.८ × २.५ = ४.५. खरा गॅप २३.५, म्हणजे साडेअकराने वाढलेला. बायकार्ब उतरलं पंधराने. भागाकार ०.७७. तर गॅपवाला आणि क्लोराइडवाला, दोन्ही ॲसिडोसिस आहेत. क्लोराइडवाला जुलाबाचा. गॅपवाल्यातले चार लॅक्टेटने भरतात, उरलेले सात-आठ कशाचे? उपाशीपणाचे कीटोन, निकामी होत चाललेलं मूत्रपिंड, किंवा घरी पाजलेलं काही.

ज्यांना स्ट्युअर्ट पद्धत (आयनांच्या भारांच्या फरकावरून अॅसिड-बेस मोजायची दुसरी पद्धत) जड वाटते त्यांनी तिचं सोपं रूप इथे पडताळून पाहावं. क्लोराइडचा परिणाम = सोडियम − क्लोराइड − ३८ = −१०. अल्ब्युमिनचा परिणाम = २.५ × (४.२ − २.२) = +५. या बाळाचा बेस एक्सेस साधारण −१७. म्हणजे −१२ हा इतर ॲसिडचा वाटा, आणि त्यातले चार लॅक्टेटचे. उत्तर वरच्याशी जुळलं. दोन पद्धतींत भांडण आहे असं परिषदांत वाटतं. खाटेशेजारी, अल्ब्युमिन धरलं की, दोन्ही एकच सांगतात.

एका गॅसमधून तीन बिघाड निघाले, आणि त्यांतला सर्वांत घाईचा, दमणारा श्वास, 'कॉम्पेन्सेशन' म्हणून निसटणार होता.

इथे बायकार्बोनेटची बाटली उचलायचा मोह होतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास लागतो, जो या बाळाकडे उरलेला नाही. पोटॅशियम आणि आयोनाइज्ड कॅल्शियम आणखी उतरतात. सीनियरला विचारल्याशिवाय नाही.

८. पुन्हा कधी, आणि काय लिहायचं

व्हेंटिलेटर किंवा बायपॅप बदलला तर अर्ध्या ते एका तासाने. शॉकमध्ये बोलस किंवा आयनोट्रोप सुरू केल्यावर तासा-दोन तासांनी. डीकेएत दर दोन ते चार तासांनी. मूल सुधारतंय आणि गॅस बिघडतोय, किंवा उलट, तर मुलावर विश्वास ठेवा आणि नमुना पुन्हा घ्या.

केसपेपरवर 'एबीजी: मेटाबॉलिक ॲसिडोसिस' एवढंच लिहू नका. वेळ, नमुना कुठला, ऑक्सिजन किती, मुख्य बिघाड, अपेक्षित आणि मोजलेला पीसीओटू, दुरुस्त गॅप, लॅक्टेट, तुम्हाला वाटणारं कारण, आणि पुढचा गॅस किती वाजता. सीनियरला फोन करतानाही याच क्रमाने सांगा, पण सुरुवात मुलापासून करा: वय, वजन, श्वास, हातपाय गार की गरम. पुढचा गॅस ज्या सिस्टरच्या ड्यूटीत पडतोय तिला वेळ तोंडी सांगून मगच चहाला जा.